तोंडातले पाणी: लाळ किती सुटते आणि ते कशावर ठरते

दिवसभरात माणसाला किती लाळ सुटते, या प्रश्नाला शाळेच्या पुस्तकापासून वैद्यकाच्या जाडजूड ग्रंथांपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: एक ते दीड लिटर. हा आकडा इतकी वर्षे छापला जातो आहे की तो कुणी, कसा मोजला हे विचारायचे सुचतही नाही. पण साधा हिशेब मांडून पाहावा. काही खातपीत नसताना निरोगी प्रौढाच्या तोंडात मिनिटाला साधारण ०.३ मिलिलिटर लाळ येते. जागेपणीचे पंधरा तास धरले तर ती २७० मिलिलिटर होते. जेवताना हा वेग मिनिटाला ४ मिलिलिटरच्या आसपास जातो. दिवसाकाठी प्रत्यक्ष खाण्यात एक तास गेला असे मानले तर त्यात आणखी २४० मिलिलिटरची भर पडते. झोपेत ग्रंथी जवळपास बंदच असतात. बेरीज अर्ध्या लिटरच्या किंचित वर जाते. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले कॉलिन डॉज आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात निरनिराळे पदार्थ खायला देऊन केलेली मोजमापेही याच आकड्याकडे बोट दाखवतात. म्हणजे पाठ्यपुस्तकातला आकडा दुप्पट, कदाचित त्याहूनही जास्त आहे.

इतक्या प्राथमिक गोष्टीत एवढी तफावत का राहिली? लाळेच्या प्रमाणाविषयीचे आजवरचे संशोधन वाचताना मला एक कारण पुन्हा पुन्हा दिसते. ग्रंथींतून किती लाळ बाहेर येते, गिळल्यानंतर तोंडात किती उरते आणि माणसाला तोंड ओले वाटते की कोरडे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे एकमेकांशी नाते आहे, पण एक मोजली म्हणजे दुसरी कळली असे होत नाही. वय, औषधे, भीती, आजार यांबद्दलचे बरेचसे मतभेद कोणत्या संशोधकाने यांतले काय मोजले, इथे येऊन ठेपतात.

ग्रंथी आणि नसा

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. एक कानापुढे, गालगुंड झाले की सुजते ती, दुसरी जबड्याखाली, तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने १६५६ मध्ये जबड्याखालच्या ग्रंथीच्या नळीचे वर्णन केले. १६६० मध्ये निल्स स्टेन्सन या तरुण डॅनिश विद्यार्थ्याला ॲम्स्टरडॅममध्ये मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना कानापुढच्या ग्रंथीची नळी सापडली. दोन्ही नळ्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

ही लाळ रक्तातून नुसती गाळली जाते, असा समज पुढे बराच काळ होता. १८५० च्या सुमारास जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी ग्रंथीकडे जाणारी नस उद्दीपित केली की लाळ वाहू लागते हे दाखवले. नळीतल्या लाळेचा दाब रक्तवाहिनीतल्या दाबापेक्षा जास्त होऊ शकतो, हेही त्यांना आढळले. नुसत्या गाळण्याने असे घडणार नाही. ग्रंथी स्वतः काम करते, हे त्यातून ठरले. पुढे रुडोल्फ हायडेनहाइन यांनी ॲट्रोपिन हे औषध दिल्यावर लाळ थांबते, पण ग्रंथीतला रक्तप्रवाह वाढायचा तो वाढतोच, हे दाखवले. इवान पाव्हलोव्ह यांच्या कुत्र्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र पचनाच्या अभ्यासासाठी. लाळेवरून बेतलेला प्रतिक्षिप्त क्रियांचा सिद्धांत त्यानंतर बहरला.

आज मान्य असलेले चित्र असे आहे. ग्रंथींना दोन प्रकारच्या नसा चालना देतात, परानुकंपी आणि अनुकंपी. परानुकंपी नसांनी चालना दिली की पातळ, भरपूर लाळ येते. अनुकंपी नसांच्या चालनेने ती थोडी, पण प्रथिनांनी समृद्ध येते. लाळ आधी ग्रंथीच्या पेशींत रक्तद्रवाइतकी खारट तयार होते आणि नळीतून पुढे सरकताना तिच्यातले मीठ परत शोषले जाते. ही दोन टप्प्यांची कल्पना १९५४ मध्ये मांडली गेली आणि टिकली. म्हणूनच लाळ वेगाने सुटली की तिच्यातले मीठ वाढते, कारण शोषून घ्यायला नळीला वेळच मिळत नाही.

कोणती ग्रंथी किती देते, हेही वेळेवर अवलंबून असते. तोंड स्वस्थ असताना सुमारे दोन तृतीयांश लाळ जबड्याखालच्या ग्रंथींची असते. चावायला लागल्यावर कानापुढच्या ग्रंथी पुढे सरसावतात आणि निम्म्याहून अधिक वाटा उचलतात. बारीक ग्रंथींचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असतो, पण तोंडाच्या अस्तराला बुळबुळीत ठेवणारा श्लेष्मल पदार्थ त्या बऱ्याच मोठ्या प्रमाणात देतात. हा तपशील पुढे किरणोपचारांच्या चर्चेत महत्त्वाचा ठरतो.

मोजायचे कसे

पद्धत ऐकायला अगदी सोपी आहे. सकाळची वेळ, पोटात काही नाही, तासभर आधीपासून चहा, पाणी, विडी-सिगारेट काही नाही. माणूस खुर्चीत ताठ बसतो, एकदा आवंढा गिळतो आणि मग मान पुढे झुकवून ओठ किंचित उघडे ठेवतो. गिळायचे नाही, बोलायचे नाही, जीभ हलवायची नाही. खालच्या ओठावरून थेंब खुणा असलेल्या नळीत पडत राहतात. पाच ते पंधरा मिनिटांनी नळी पाहायची किंवा वजन करायची. मग तोच माणूस बेचव मेण चघळतो, किंवा त्याच्या जिभेवर ठराविक वेळाने सायट्रिक आम्ल लावले जाते, आणि उद्दीपित लाळ गोळा होते. एकाच ग्रंथीची लाळ हवी असेल तर तिच्या नळीच्या तोंडाशी गालाच्या आतून छोटी वाटी चोषणाने चिकटवून बसवतात.

विश्रांतीतला वेग मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी आढळला तर लाळ कमी आहे असे समजतात. उद्दीपित लाळेसाठी हीच रेषा ०.५ ते ०.७ च्या दरम्यान आखतात. या रेषा मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या मोजमापांवर आधारलेल्या आहेत. आपल्या हवामानात, आपल्या आहारात त्या जशाच्या तशा लावाव्यात का, याचा वेगळा विचार व्हायला हवा. आणखी एक अडचण अशी की निरोगी माणसांतच हा वेग कमालीचा वेगवेगळा असतो. एकाला मिनिटाला ०.१५ मिलिलिटरवर काही जाणवत नाही, दुसऱ्याचा ०.८ असतो.

डॉज यांनी १९८७ मध्ये मांडलेले निरीक्षण इथे कळीचे आहे: माणसाला कोरड जाणवू लागते ती त्याचा स्वतःचा नेहमीचा वेग साधारण निम्म्यावर आला की. म्हणजे ०.८ चा ०.४ झालेला माणूस तक्रार घेऊन येईल आणि त्याचे मोजमाप 'उत्तम' ठरेल. उलट कायमच ०.१२ असलेल्या माणसाची काही तक्रार नसेल. तोंडात उरणारी लाळही थोडकीच असते, गिळण्याआधी एक मिलिलिटरच्या आसपास आणि गिळल्यावर त्याहून थोडी कमी. एवढी लाळ तोंडाच्या साऱ्या अस्तरावर पसरली की तिचा पातळसा थर होतो, आणि तो जागोजागी सारखा जाड नसतो. टाळूवर तो सर्वांत पातळ असतो. कोरड आधी टाळूला जाणवते त्याचे हे एक कारण मानले जाते.

चव, चावणे, वास

चवींमध्ये आंबट सर्वांत प्रभावी, यावर कुणाचे दुमत नाही. चरकसंहितेत आम्ल रसाची ओळखच मुळी दात आंबणे आणि तोंडाला पाणी सुटणे या खुणांनी करून दिली आहे. आयुर्वेदात जिभेच्या ठिकाणी बोधक कफ मानला आहे तो चव कळण्यासाठीच. कैरीची फोड, चिंचेचे बोटूक, आवळा यांचा अनुभव प्रयोगशाळेतल्या सायट्रिक आम्लाने पक्का झाला. खारट, गोड, कडू हे त्यानंतर येतात. चव नसलेले मेण चघळले तरी लाळ वाढते, म्हणजे चावण्याच्या हालचालीचाही स्वतंत्र परिणाम आहे. ज्या बाजूने चावतो त्या बाजूची ग्रंथी जास्त काम करते.

वाद आहे तो पदार्थ तोंडात जाण्याआधीच्या लाळेबद्दल. कैरी नुसती पाहिली तरी तोंडाला पाणी सुटते, हे आपण सगळे शपथेवर सांगू. पण कॅलिफोर्नियातल्या रोझ मेरी पँगबॉर्न यांच्यासारख्या संशोधकांनी पदार्थ दाखवून, हाताळायला देऊन, हुंगायला देऊन लाळ मोजली तेव्हा वाढ फार थोडी निघाली. कानापुढच्या ग्रंथीवर वासाचा परिणाम जवळपास दिसत नाही. जबड्याखालच्या ग्रंथीवर दिसतो. एका पक्षाचे म्हणणे असे की पदार्थ पाहिल्यावर जीभ आणि गाल नकळत हलतात, तोंडात आधीच असलेली लाळ पुढे येते आणि आपल्याला ती नव्याने सुटल्यासारखी वाटते. दुसरा पक्ष म्हणतो, प्रयोगशाळेतली थाळी आणि भुकेल्या माणसापुढे घरच्या सवयीचे पान यांत फरक आहे. शिकलेली प्रतिक्रिया खरी असते, पण ती भूक, ओळख आणि अपेक्षा यांवर टिकून असते. ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स यांनी २०११ मध्ये या साऱ्या प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हाही निकाल एकसारखे नव्हते. मला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक पटते, कारण कुत्र्यांतले प्रयोगही ओळखीच्या खुणेवरच यशस्वी झाले होते. पण माणसांतला परिणाम आपल्याला वाटतो त्याहून लहान आहे, हे मान्य करावेच लागते.

घड्याळ, उजेड, पाणी, ऋतू

या घटकांवर मतभेद कमी आहेत. लाळेचा वेग दुपारनंतर वाढतो आणि झोपेत तळाला जातो. रात्री उघड्या तोंडाने झोपणाऱ्याला सकाळी टाळू चिकटल्यासारखी का वाटते ते यावरून कळते. रात्री दात न घासता झोपू नये या सल्ल्यामागेही हेच आहे, कारण त्या वेळी तोंड धुऊन काढणारे कुणी नसते. उभे असताना वेग जास्त, बसल्यावर त्याहून कमी, आडवे झाल्यावर आणखी कमी. डोळे बांधले किंवा खोली अंधारी केली तर विश्रांतीतली लाळ ३० ते ४० टक्क्यांनी घटते.

शरीरातल्या पाण्याचा परिणाम सर्वांत थेट आहे. ते सुमारे ८ टक्क्यांनी घटले की लाळ जवळपास थांबते. निर्जळी उपवासात किंवा रोज्यात संध्याकाळी तोंड सुकते त्यात पाणी कमी पडण्याचा भाग असतोच, शिवाय दिवसभर चावणे झालेले नसते. ऋतूंचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. आधीच्या अभ्यासांत हिवाळ्यात लाळ जास्त आणि उन्हाळ्यात कमी, असे आढळले होते; त्याचे कारण उष्णता आणि घाम, असे सहज म्हणता येई. पण श्रीलंकेत, जिथे वर्षभरात सरासरी तापमान जेमतेम २ अंश सेल्सियसने बदलते, तिथेही वार्षिक चढउतार सापडला. २००५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतक्या लहान फरकाला ग्रंथी दाद देतात की यामागे दुसरेच काही आहे, हे ठरलेले नाही. विदर्भातल्या मे महिन्यात अशी मोजमापे वर्षभर घेतली गेली तर पुष्कळ कळेल असे मला वाटते.

भीती आणि ताण

भीतीने तोंड कोरडे पडते, हे व्यासपीठावर उभे राहिलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. जुन्या काळी याचा न्यायदानातही उपयोग करत, असे वारंवार लिहिले जाते. म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दिव्यांच्या प्रकारांत तांदळाचे दिव्य येते: चोरीचा संशय असलेल्याने तांदूळ चावून थुंकायचे. स्मृतींत दोषाची मुख्य खूण म्हणून सांगितले आहे ते थुंकीतले रक्त, आणि अंगाला सुटलेला कंप. भीतीने लाळ आटते म्हणून तांदूळ कोरडे राहतात, हा अर्थ आधुनिक लेखकांनी लावलेला आहे. तो चुकीचाच असेल असे नाही, पण स्मृतिकारांच्या तोंडी तो घालू नये.

भीतीत लाळ का आटते, याचे जुने स्पष्टीकरण सरळ होते: अनुकंपी नसा चेतावतात आणि त्या ग्रंथींना रोखतात. अनेक पाठ्यपुस्तकांत आजही तेच आहे. लाळग्रंथींवर काम करणारे शास्त्रज्ञ मात्र गेली काही दशके वेगळे सांगत आहेत. अनुकंपी नसा ग्रंथीच्या पेशींना रोखत नाहीत, उलट चालनाच देतात. लाळ कमी होते ती मेंदूच्या देठातल्या लाळकेंद्रांवर वरच्या मेंदूकडून येणाऱ्या दडपणामुळे. परानुकंपी संदेश निघायचेच कमी होतात. हा दुसरा विचार प्रयोगांशी अधिक जुळतो आणि आता तो मान्य होत चालला आहे.

दीर्घकाळच्या ताणाविषयी पुरावा विस्कळीत आहे. परीक्षेच्या काळात, आजारपणाच्या काळजीत, नैराश्यात कोरडीच्या तक्रारी वाढतात हे अनेक ठिकाणी दिसले. मोजलेला वेग दर वेळी कमी निघाला असे नाही. इथेही जाणवणे आणि वाहणे यांची फारकत आहे. १९६० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून अंतर्मुख माणसांना जास्त लाळ सुटते, असा दावा केला होता. त्याला काही प्रयोगांनी पाठिंबा दिला, काहींनी दिला नाही, आणि आज तो वर्गातल्या प्रात्यक्षिकापुरता उरला आहे.

वयाचा वाद

या क्षेत्रातला सर्वांत बोधप्रद वाद वयाविषयीचा आहे. म्हातारपणी लाळ आटतेच, असे गेल्या शतकात बराच काळ धरून चालले होते. त्याला आधारही होता. शवविच्छेदनात वृद्धांच्या ग्रंथींत लाळ करणाऱ्या पेशी कमी आणि त्यांच्या जागी चरबी व तंतू जास्त आढळत. काही ग्रंथींत हा ऱ्हास सुमारे एक तृतीयांशाचा होता. शिवाय वृद्ध रुग्ण कोरडीची तक्रार घेऊन येतच.

१९८१ मध्ये ब्रूस बाउम यांनी बाल्टिमोरमधल्या वार्धक्याच्या दीर्घकालीन अभ्यासातल्या निरोगी माणसांची कानापुढच्या ग्रंथीची उद्दीपित लाळ मोजली. तरुण आणि वृद्धांत फरक आढळला नाही. मग प्रश्न उलटा फिरला: पेशी कमी होऊनही लाळ तेवढीच कशी? उत्तर म्हणून राखीव क्षमतेची कल्पना पुढे आली. तरुणपणी ग्रंथीत गरजेपेक्षा जास्त पेशी असतात; वयाने त्या घटल्या तरी एरवीचे काम निभते. मात्र अशा ग्रंथीवर औषधाचा, तापाचा किंवा पाणी कमी पडण्याचा ताण आला की ती तरुण ग्रंथीपेक्षा लवकर हार मानते. एकच गोळी तिशीतल्या माणसाला फारशी जाणवत नाही आणि सत्तरीतल्या माणसाचे तोंड सुकवते, याचा अर्थ यातून लागतो.

या मांडणीनंतर काही वर्षे 'वयाचा दोष नाही, औषधांचा आहे' हे जवळपास घोषवाक्यच झाले. २०१५ मध्ये अफू या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले तेव्हा चित्र पुन्हा थोडे बदलले. एकूण लाळ आणि जबड्याखालच्या व जिभेखालच्या ग्रंथींची लाळ वृद्धांत कमी होती, कानापुढच्या ग्रंथींची नव्हती, आणि औषधांच्या आधारे हा सारा फरक समजावता येत नव्हता. म्हणजे बाउम यांचे निरीक्षण बरोबरच होते, पण ते ज्या ग्रंथीचे होते त्या ग्रंथीपुरते. विश्रांतीतली बहुतेक लाळ जबड्याखालच्या ग्रंथींची असते, हे ध्यानात ठेवले तर वृद्धांची तक्रारही खरी ठरते.

स्त्रियांमध्ये वेग सरासरीने कमी असतो, त्याचे एक साधे कारण ग्रंथींचा आकार लहान असणे हे आहे. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घटल्यामुळे लाळ कमी होते का, यावर अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत.

औषधे

कोरड्या तोंडाचे सर्वांत सामान्य कारण औषधे, यावर एकमत आहे, आणि सर्वांत हाती लागण्याजोगे कारणही तेच. पण किती आणि कोणती, इथे मतभेद सुरू होतात.

घरोघरी वृद्धांच्या उशाशी असणारा गोळ्यांचा डबा उघडून पाहावा. रक्तदाबाची गोळी, तिच्यासोबत लघवी वाढवणारी. पायांच्या जळजळीसाठी रात्री घ्यायची ॲमिट्रिप्टिलीन. वारंवार लघवीला लागते म्हणून मूत्राशय शांत करणारी ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनासिन. सर्दी झाली की दुकानातून आणलेली, क्लोरफेनिरामिन असलेली गोळी. यांतल्या ॲमिट्रिप्टिलीन, ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन आणि क्लोरफेनिरामिन यांची लाळेशी लढाई समोरासमोरची आहे: परानुकंपी नसांचा संदेश ज्या मस्कॅरिनिक ग्राहींवर पोचतो तेच ती कमी-जास्त अडवतात. ॲट्रोपिनने हायडेनहाइन यांनी जे दाखवले त्याचीच ही मंद आवृत्ती. लघवीच्या गोळ्यांचे प्रकरण कमी स्पष्ट आहे. त्यांनी कोरड जाणवते, पण मोजलेला वेग दर वेळी घटत नाही. काही औषधे लाळेचे प्रमाण न बदलता तिचा घट्टपणा बदलत असावीत असाही तर्क आहे.

औषधांच्या माहितीपत्रकांत 'तोंडाला कोरड' हा परिणाम शेकडो नावांपुढे छापलेला असतो. मौखिक वैद्यकाच्या जागतिक कार्यशाळेतल्या गटाने २०१७ मध्ये पुराव्यांची प्रतवारी केली तेव्हा प्रत्यक्ष मोजून सिद्ध झालेली नावे त्या मोठ्या यादीचा एक भागच निघाली. उरलेल्यांबाबत रुग्णांनी सांगितलेली जाणीव हाच आधार आहे. एक गोष्ट मात्र सर्व अभ्यासांत टिकते: गोळ्यांची संख्या वाढली की कोरडीच्या तक्रारी वाढतात. हा औषधांच्या बेरजेचा परिणाम, की जास्त गोळ्या घेणारा माणूस मुळातच जास्त आजारी असतो म्हणून, हे वेगळे करणे कठीण आहे. मधुमेहाच्या बाबतीतही हीच गुंतागुंत आहे. साखर फार चढलेली असताना पाणी जाते आणि तोंड सुकते, हे निश्चित. साखर आटोक्यात असलेल्या माणसाच्या ग्रंथी बिघडतात का, यावर निष्कर्ष वेगवेगळे आहेत.

मला स्वतःला या भागाची सर्वांत जास्त कळकळ वाटते. लाळ घटली की दातांच्या मुळांशी कीड लागते, कवळी हिरड्यांवर टिकत नाही, भाकरीचा घास फिरत नाही म्हणून आजी पेज आणि बिस्किटांवर येते, आणि घरचे म्हणतात वयाने भूक मेली. गोळी बदलणे, मात्रा कमी करणे किंवा रात्रीची सकाळी घेणे यांतले काही शक्य आहे का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. आपणहून गोळी बंद करणे धोक्याचे.

आजार आणि किरणोपचार

हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्याने १९३३ मध्ये डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे पडणाऱ्या स्त्रियांचे वर्णन केले. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथींवर उलटते असा हा आजार असून रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या अनेक पट आहे. निदानाच्या २०१६ च्या निकषांत मिनिटाला ०.१ मिलिलिटरची रेषा एक घटक म्हणून आहे. ग्रंथीत दाह कमी असूनही लाळ फार कमी, असे रुग्ण भेटतात. त्यामुळे पेशी नष्ट होण्याआधीच त्या निकामी होतात का, हा प्रश्न खुला आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना सर्वांत जवळचा विषय किरणोपचारांचा आहे. तंबाखू, मशेरी, गुटखा यांमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे फार आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी. डोके आणि मानेवर किरण दिले की लाळ पहिल्या आठवड्यातच घटू लागते. लाळ करणाऱ्या पेशी झपाट्याने विभागणाऱ्या नसूनही किरणांना इतक्या लवकर बळी का पडतात, हे कोडे जुने आहे.

मिशिगन विद्यापीठातल्या अभ्यासांनी १९९९ मध्ये दाखवले की कानापुढच्या ग्रंथीला मिळणारी सरासरी मात्रा साधारण २६ ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) आत राहिली तर ती पुढे सावरू शकते. त्यातून ग्रंथी वाचवून किरण देण्याच्या आयएमआरटी तंत्राला बळ मिळाले. ब्रिटनमधल्या चाचणीत (२०११) वर्षभरानंतर लक्षणीय कोरड जुन्या तंत्राच्या गटात ७४ टक्के रुग्णांना होती, नव्या तंत्राच्या गटात ३८ टक्के. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये ६० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. तिथेही नव्या तंत्राने लाळग्रंथींचा त्रास कमी झाला.

तरीही कानापुढची ग्रंथी वाचलेले अनेक रुग्ण रात्री पाण्याची बाटली जवळ ठेवूनच झोपतात. कारण विश्रांतीतली आणि बुळबुळीत लाळ ज्या ग्रंथींची, त्या जबड्याखालच्या आणि बारीक ग्रंथी किरणांच्या वाटेतच असतात. त्या वाचवाव्यात, तर शेजारच्या गाठींत कर्करोग शिल्लक राहण्याची भीती. किती धोका पत्करावा यावर कर्करोगतज्ज्ञांत एकमत झालेले नाही.

लाळ जास्त की गिळणे कमी

लाळ गळते म्हणजे ती जास्त सुटते, हा समज पार्किन्सनच्या रुग्णांनी खोटा ठरवला आहे. त्यांची लाळ मोजली तर बहुधा कमीच निघते. गिळण्याची क्रिया मंद होते, मान झुकते, ओठ मिटत नाहीत, म्हणून ती बाहेर येते. चार-सहा महिन्यांच्या बाळाला लाळेरे लागते तेही ग्रंथी कामाला लागलेल्या असताना गिळण्याची सवय अजून बसायची असते म्हणून. क्लोझापिन या मानसिक आजारावरच्या औषधाचे कोडे मात्र टिकून आहे. ते मस्कॅरिनिक ग्राही अडवते, म्हणजे तोंड सुकायला हवे. प्रत्यक्षात रुग्णाची उशी ओली होते. त्या ग्राहींच्या एका उपप्रकाराला ते उलट चालना देते, असे काही म्हणतात. गिळणे बिघडते, असे इतर.

खरोखर लाळ वाढवणारी वस्तू आपल्याकडे पानाच्या टपरीवर मिळते. सुपारीतले अरेकोलिन त्याच ग्राहींना चालना देते, म्हणून पान खाणाऱ्याला सारखे थुंकावे लागते. दीर्घकाळ सुपारी खाल्ल्यावर लाळेचे काय होते, यावर निष्कर्ष उलटसुलट आहेत. तोंड आखडवणारा तंतुमयतेचा आजार आणि कर्करोग तिच्यामुळे होतात, यात मात्र शंका नाही.

उपाय आणि अनुत्तरित प्रश्न

ब्राझीलमधल्या जाबोरांडी झुडपापासून मिळणारे पिलोकार्पिन हे लाळ वाढवणारे औषध एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. ग्रंथीत काही जिवंत पेशी उरल्या असतील तर ते उपयोगी पडते; घाम सुटणे आणि वारंवार लघवी हे त्याचे त्रास, आणि आटोक्यात नसलेल्या दम्यात ते देत नाहीत. तोंडात मारायचे फवारे, जेल, कृत्रिम लाळ यांचा कॉक्रेन गटाने २०११ मध्ये आढावा घेतला तेव्हा कोणताच उपाय भक्कमपणे परिणामकारक ठरला नाही. साखर नसलेले च्युइंगगम चघळल्याने लाळ वाढते. आवळा किंवा आमसुलानेही वाढते, पण दात राखायला लाळच नसलेल्या तोंडात ते आंबट दातांची झीज करते.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय दंत संशोधन संस्थेत बाउम यांच्याच गटाने किरणोपचार झालेल्या ११ रुग्णांच्या ग्रंथीत पाण्याला वाट देणाऱ्या ॲक्वापोरिन प्रथिनाचे जनुक सोडून पाहिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत काही रुग्णांची लाळ वाढली, काहींची नाही. मूळपेशी टोचण्याच्या चाचण्याही सुरू झाल्या आहेत. यांचे यश मोजायचे कशाने, हे ठरवताना जुनाच पेच पुन्हा समोर येतो. मिनिटाला ०.०५ मिलिलिटरची वाढ रुग्णाला मोठा दिलासा देऊ शकते, आणि दुप्पट वाढ होऊनही त्याचे तोंड कोरडेच राहू शकते.

म्हणून काही तज्ज्ञ आग्रह धरतात की किरणोपचार सुरू होण्याआधी किंवा कोरड आणणारे औषध दीर्घकाळासाठी लिहिण्याआधी प्रत्येकाची विश्रांतीतली लाळ एकदा मोजून नोंदवावी. माणसाचा मूळ वेग ठाऊक असेल, तरच तो निम्म्यावर आला का ते सांगता येईल. दुसऱ्यांचे म्हणणे असे की एकाच माणसाचा वेग वेळेनुसार, ऋतूनुसार इतका हलतो की एका सकाळच्या नोंदीवर विसंबता येणार नाही; नोंदी अनेक हव्यात, आणि गर्दीच्या ओपीडीत त्यासाठी पंधरा-पंधरा मिनिटे काढायची कोणी. किती नोंदी घेतल्या म्हणजे पुरेशा होतील, याचे सर्वमान्य उत्तर अजून ठरलेले नाही.